हिरड्यांचे ऑपरेशन आणि दाताची मुळे



या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांत दातांचे प्रश्न नेहमीच असतात. बहुतेकांची उत्तरे सोपी असतात, पण या वेळी आलेल्या एका प्रश्नाने आम्हांला बरेच वाचायला आणि जाणकारांना विचारायला लावले. प्रश्न असा: एका घरातल्या नणंद-भावजयीला पायरिया झाला. दोघी एकाच डॉक्टरांकडे गेल्या आणि दोघींच्या हिरड्यांचे एकाच प्रकारचे ऑपरेशन झाले. वर्षभराने भावजयीचे पुढचे दात घट्ट आहेत, हिरड्या गुलाबी आहेत. नणंदेची वरची दाढ मात्र पुन्हा हलू लागली, हिरडीतून पू येऊ लागला. आता घरात तीन पक्ष पडले आहेत. सासूबाई म्हणतात, डॉक्टरने पैसे घेऊन काम नीट केले नाही. भाऊ म्हणतो, बहिणीनेच काळजी घेतली नाही. आणि नणंद बिचारी म्हणते, माझ्या नशिबातच होते.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना विचारायचे आहे ते एवढेच की, यात चूक कुणाची?

आम्ही डॉक्टर नाही, शाळेत शिकवतो. त्या दोघींची तोंडे तपासल्याशिवाय निवाडा देणे डॉक्टरांनाही जमणार नाही. पण एक गोष्ट त्या घराने भांडण्यापूर्वी समजून घ्यावी, असे आम्हांला वाटते. एकीचे ऑपरेशन पुढच्या दातांचे होते आणि दुसरीचे वरच्या दाढेचे. ऑपरेशनचे नाव एक असले तरी हे दोन वेगळे सामने आहेत, कारण या दोन दातांची मुळे वेगळी आहेत. आपल्याला आरशात दिसतो तो दाताचा वरचा भाग. दात टिकणार की जाणार हे ठरते ते न दिसणाऱ्या भागावर.

आधी आजार समजून घेऊ. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक धाग्यांचा थर असतो आणि ते धागे दाताला हाडाशी बांधून ठेवतात. निरोगी हिरडी आणि दात यांच्यात १ ते ३ मिलिमीटरची उथळ खाच असते. दातांवर जंतूंचा चिकट थर साचतो, तो कडक होऊन त्याचे कीटण बनते, हिरडी सुजते आणि रक्त येऊ लागते. इथपर्यंत साध्या सफाईने सगळे पूर्ववत होऊ शकते. पण दुर्लक्ष झाले तर सूज खाली उतरते, धागे तुटतात, हाड झिजते आणि त्या खाचेचा खोल कप्पा होतो. डॉक्टर त्याला पॉकेट म्हणतात. यालाच आपल्याकडे पायरिया म्हणायची पद्धत आहे. कप्पा ५-६ मिलिमीटरच्या पुढे गेला की वरून हत्यार घालून तळापर्यंत साफ करणे कठीण होते. मग हिरडी सुन्न करून, ती थोडी उघडून, मूळ डोळ्यांनी पाहत साफ करतात आणि हिरडी परत जागेवर शिवतात. हेच ते फ्लॅप सर्जरी नावाचे ऑपरेशन.

म्हणजे या ऑपरेशनचे मुख्य काम एकच: मुळाचा पृष्ठभाग स्वच्छ करणे. मग मुळाचा आकार जेवढा सरळ तेवढे काम सोपे, आणि जेवढा अडचणीचा तेवढे कठीण. घरातली भांडी घासणाऱ्या कुणालाही हे वेगळे सांगायला नको. ताट घासायला किती वेळ लागतो आणि बारीक नक्षीच्या, अरुंद गळ्याच्या सुरईला किती, हे आपण जाणतोच. घासणारा हात तोच असतो.

आता मुळांकडे वळू. पुढचे पटाशीचे दात आणि सुळे यांना साधारणपणे एकच मूळ असते. खालच्या दाढांना बहुधा दोन मुळे असतात, एक पुढे, एक मागे. वरच्या दाढांना बहुधा तीन, त्यांतली दोन गालाच्या बाजूला आणि एक टाळूच्या बाजूला. सुळ्यामागच्या वरच्या पहिल्या उपदाढेला पुष्कळदा दोन मुळे असतात. पोरांना शिकवताना आम्ही हाताची बोटे वापरतो. एक बोट खाली धरा, हा पुढचा दात. दोन बोटे फाकवून धरा, ही खालची दाढ. तीन बोटे तिपाईसारखी टेकवा, ही वरची दाढ. बोटे जिथून फुटतात ते बेचके लक्षात ठेवा. हिरड्यांच्या आजारात सारे बिघडते ते या बेचक्याशी.

हाड झिजत झिजत बेचक्यापर्यंत पोचले की जंतूंना लपायला गुहा मिळते. तिथे ब्रश पोचत नाही, मिस्वाक पोचत नाही, आणि अनेकदा डॉक्टरांचे हत्यारही पोचत नाही. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्या दाढांच्या बेचक्यांची तोंडे मोजली होती. १०० पैकी ८१ तोंडे १ मिलिमीटर किंवा त्याहून अरुंद निघाली आणि ५८ तर पाऊण मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. कीटण खरवडायच्या नेहमीच्या हत्याराचे पातेच साधारण पाऊण ते एक मिलिमीटर रुंद असते. म्हणजे दारापेक्षा पाहुणा मोठा. अशा ठिकाणी डॉक्टर बारीक टोकाचे, कंपनांवर चालणारे यंत्र वापरतात. त्याने फरक पडतो, पण काम कठीणच राहते.

बेचके किती उघडे पडले आहे, यावरून डॉक्टर त्याच्या तीन पायऱ्या करतात. वाकड्या टोकाची मोजकाडी नुसती कडेला अडकली तर पहिली. आत बरीच शिरली, पण आरपार गेली नाही, तर दुसरी. एका बाजूने घातलेली काडी दुसऱ्या बाजूला निघू शकते, इतके हाड गेले असेल तर तिसरी. पहिल्या पायरीवर नीट सफाईने दात उत्तम टिकतात. दुसऱ्या पायरीवर, विशेषतः खालच्या दाढेच्या गालाकडच्या बाजूला, हाडाची भुकटी किंवा बारीक पडदा घालून गेलेला आधार काही प्रमाणात परत आणता येतो. वरच्या दाढेची दोन बेचकी मात्र शेजारच्या दातांच्या सांदीत उघडतात. तिथे पाहणे कठीण, हात घालणे कठीण आणि नंतर रोज साफ ठेवणे त्याहून कठीण, त्यामुळे त्याच उपायाचे यश तिथे कमी पडते. तिसऱ्या पायरीवर गेलेले हाड परत येईल असा भरवसा कोणी देत नाही. पत्रातली वरची दाढ आम्ही पाहिलेली नाही, पण तिचा सामना अवघड का असू शकतो हे आता लक्षात आले असेल.

मुळांच्या आणखी काही खोडी आहेत. त्याही थोडक्यात पाहू.

पहिली, बेचके किती खोलवर आहे. पहिल्या दाढांमध्ये ते दाताच्या मानेपासून साधारण ३ ते ५ मिलिमीटर खाली असते. ते वर असेल तर आजार त्याला लवकर गाठतो, पण साफ करायला ते जवळ असते. खाली असेल तर उशिरा गाठतो, पण गाठल्यावर मुळाला धरून ठेवणारे हाड फार थोडे उरलेले असते. वरच्या पहिल्या उपदाढेचे बेचके तर बरेच खाली, साधारण ८ मिलिमीटरवर असते. ते उघडे पडले म्हणजे दाताचा बहुतेक आधार गेलेला असतो.

दुसरी, मुळे फाकलेली की चिकटलेली. फाकलेल्या मुळांच्या मध्ये हाडही जास्त असते आणि हत्यारालाही वाट मिळते. जवळजवळ असलेल्या मुळांत ती मिळत नाही.

तिसरी, मुळावरचे खळगे. मूळ गोल काठीसारखे क्वचितच असते. त्याच्या अंगावर लांबट खोलगट भाग असतात, खालच्या दाढेच्या मुळांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या पहिल्या उपदाढेच्या पुढच्या बाजूला तर हमखास. सरळ पाते अशा खळग्यावरून दोन्ही काठांना टेकून निघून जाते आणि तळातले कीटण तसेच राहते.

चौथी, एनॅमलची जीभ. दाताचा वरचा चकचकीत थर मानेपाशी संपायला हवा. काही दाढांमध्ये त्याची एक टोकदार जीभ खाली बेचक्याकडे उतरते, कधी मोत्यासारखा एनॅमलचा गोळाच मुळावर असतो. दाताला हाडाशी बांधणारे धागे एनॅमलला धरत नाहीत, त्यामुळे तिथे जन्मापासूनच पकड कच्ची असते. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर ती जीभ घासून काढू शकतात, पण त्यासाठी आधी ती दिसायला हवी.

पाचवी, पुढच्या दातांतली खाच. वर एक मूळ असलेले दात सोपे म्हटले, त्यालाही अपवाद आहे. वरच्या मधल्या दोन दातांच्या शेजारचे जे छोटे दात असतात, त्यांच्या टाळूकडच्या बाजूला काही जणांना एक बारीक खाच असते आणि ती हिरडीखाली मुळावर दूर उतरत जाते. जंतूंसाठी तो तयार रस्ताच. बाकी सगळे तोंड निरोगी आणि हा एकच दात वारंवार सुजतो, असे कुणाचे होत असेल तर डॉक्टरांना त्या खाचेबद्दल अवश्य विचारावे.

एवढे वाचून कुणी म्हणेल, मग बेचके उघडे पडलेली दाढ सरळ काढूनच टाकावी. थांबा. १९७८ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ६०० रुग्णांचे दात उपचारानंतर सरासरी २२ वर्षे पाहिले गेले. हिरड्यांच्या आजाराने गेलेले दात एकूण दातांत १०० मागे सुमारे ७ होते. बेचके आधीच उघडे पडलेल्या दाढांमध्ये हेच प्रमाण १०० मागे सुमारे ३१ होते. फरक चौपटीहून अधिक आहे, यात शंका नाही. पण हाच आकडा उलटून वाचा. बेचके उघडे असूनही १०० पैकी सुमारे ६९ दाढा या आजाराला बळी पडल्या नाहीत. आणि गेलेल्या दाढांतल्या निम्म्याहून अधिक दाढा थोड्याशाच, म्हणजे सहाव्या हिश्श्याच्या रुग्णांच्या होत्या. बाकीच्यांनी नियमित तपासणी आणि सफाईच्या जोरावर त्या वर्षानुवर्षे वापरल्या. म्हणून मुळाचा आकार हा अंदाज आहे, फाशीचा हुकूम नव्हे. कधी तीनपैकी एकच खराब मूळ कापून बाकी दाढ वाचवता येते, कधी बेचके मुद्दाम मोकळे करून त्यातून बारीक ब्रश जाईल अशी सोय करतात. आणि कधी दाढ काढणे हेच शहाणपणाचे असते. यांतले काय करायचे हे एक्स-रे आणि मोजमाप पाहून ठरते, घरच्या बैठकीत नाही.

कीटण खरवडणे हे काही नव्या जमान्याचे फॅड आहे, असे मानणारे लोक आपल्यात अजून आहेत. त्यांच्यासाठी थोडा इतिहास. अंदलूसमधले शस्त्रवैद्य अबुल कासिम अज-जहरावी यांचे निधन १०१३ साली झाले. त्यांच्या ‘अत-तसरीफ’ या तीस भागांच्या ग्रंथाच्या शस्त्रक्रियेवरील भागात दातांवरचे कीटण काढण्याची पद्धत आणि त्यासाठीची वेगवेगळ्या आकारांची हत्यारे चित्रांसह दिली आहेत. हत्यारे वेगवेगळी का? कारण दाताची बाहेरची बाजू, आतली बाजू आणि दोन दातांमधली फट एकाच हत्याराने साफ होत नाही. हजार वर्षांपूर्वी त्यांनी ओळखलेली अडचण आजच्या डॉक्टरांचीही अडचण आहे. आणि आपल्या देशात दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय १९२० साली कोलकात्यात सुरू केले ते डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून ते शिकून आले होते. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि आज ते महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. आपल्या मुला-मुलींना हे नाव जरूर सांगावे.

आता आपल्या सोलापूरचे बोलू. मुळांचा आकार आपल्या हातात नाही, पण त्या मुळांपर्यंत आजार पोचू द्यायचा की नाही, हे बरेचसे आपल्या हातात आहे. आपल्याकडे घरोघरी विड्या वळणाऱ्या हजारो बाया आहेत आणि तंबाखू घरातच असल्याने मशेरी लावायची सवयही जुनी आहे. मशेरीने दात साफ होतात आणि ठणका थांबतो, हा समज काढून टाकायला हवा. तंबाखू हिरडीला झिजवते, ती जिथे ठेवतात तिथे हिरडी खाली सरकून मूळ उघडे पडते, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर वेगळाच. विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांची आणखी एक फसगत होते. धुरामुळे हिरडीतून रक्त कमी येते, त्यामुळे आजार आतून वाढत असतो आणि बाहेरून सगळे ठीक दिसते. ऑपरेशननंतरही त्यांची जखम सावकाश भरते आणि निकाल कमी लागतो. साखरेच्या आजाराचेही तसेच. साखर वाढलेली असेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणे कठीण जाते. म्हणून ऑपरेशनपूर्वी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून घ्यावी.

उपचाराचा खर्च हा आपल्या वाचकांचा खरा प्रश्न आहे, हे आम्हांला ठाऊक आहे. विड्या वळून किंवा यंत्रमागावर राबून जमवलेले पैसे ऑपरेशनला घालायचे तर निकाल काय लागेल हे आधी विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. शहराजवळ केगावला दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांत हिरड्यांचा विभाग वेगळा असतो आणि खाजगी दवाखान्यापेक्षा खर्च सहसा कमी येतो. कुठेही गेलात तरी ऑपरेशनला हो म्हणण्यापूर्वी हे प्रश्न विचारा:

१. कोणत्या दातांचे ऑपरेशन आहे आणि प्रत्येकाचा कप्पा किती मिलिमीटर आहे? कागदावर लिहून द्या.
२. दाढ असेल तर बेचके उघडे पडले आहे का? कोणत्या पायरीवर?
३. एक्स-रेमध्ये मुळे कशी दिसतात, लांब की आखूड, फाकलेली की चिकटलेली?
४. हाड परत येण्याची आशा आहे, की आहे तेवढे टिकवायचे आहे?
५. एखादी दाढ टिकणार नसेल तर ती आजच सांगाल का, म्हणजे तिच्यावर खर्च करायचा की नाही हे आम्ही ठरवू?
६. ऑपरेशननंतर दर किती महिन्यांनी यायचे आणि त्याचा खर्च किती?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. बहुतेक रुग्णांना सुरुवातीला दर तीन महिन्यांनी बोलावतात. टाके निघाले, दुखणे थांबले, की आपण जाणे सोडतो, आणि अवघड मुळांचे दात तिथेच हातचे जातात.

ऑपरेशननंतर काही गोष्टी घडतात, त्यांनी घाबरू नये. सूज उतरल्यावर हिरडी थोडी खाली बसते, दात लांब दिसतात, फटी दिसतात, थंड पाणी झोंबते. दातांची सफाई केल्याने दात सुटे होतात, हा समजही यातूनच आला आहे. खरे तर हाड आधीच गेलेले असते, आणि कीटणाच्या थराने ती पोकळी झाकलेली असते. टाके साधारण सात ते दहा दिवसांनी काढतात. तोवर आपली सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी बंद. भाकरी खायचीच तर मऊ, दुधात किंवा पातळ आमटीत कुस्करून, आणि तीही दुसऱ्या बाजूने. शेंगदाण्याचे कण टाक्यांत अडकले तर निष्कारण त्रास. जखम भरली की डॉक्टरांना विचारून दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश वापरायला शिका. मुळावरच्या खळग्यांत साधा ब्रश किंवा दोरा पोचत नाही, हा बारीक ब्रश बराच पोचतो.

मिस्वाकबद्दल नेहमी विचारणा होते. मिस्वाक सुन्नत आहे आणि दात साफ ठेवायला चांगलीही आहे. फक्त तिचे टोक ताजे व मऊ असावे आणि ती जोरात आडवी घासू नये, नाहीतर हिरडी सरकते. तिच्या जोडीला फटींसाठी तो बारीक ब्रश ठेवावा. आणि तातडीचे नसलेले ऑपरेशन रमजानपूर्वी किंवा ईदनंतर घ्यावे, म्हणजे औषधांच्या वेळाही सांभाळल्या जातात आणि रोज्याबद्दल मनात शंकाही राहत नाही. रमजानमध्येच करण्याची वेळ आली तर डॉक्टर आणि आपले आलिम, दोघांनाही आधी विचारावे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना आमची एवढीच विनंती आहे. नणंदबाईंना दोष न देता, आणि डॉक्टरांनाही न देता, पुन्हा एकदा त्याच डॉक्टरांकडे किंवा हिरड्यांच्या दुसऱ्या तज्ज्ञांकडे घेऊन जा. जुना एक्स-रे सोबत न्या, वरचे सहा प्रश्न कागदावर लिहून न्या. हलणारी दाढ आणि पू ही वाट पाहण्याची लक्षणे नाहीत. दाढ वाचली तर अल्हम्दुलिल्लाह, आणि काढावी लागली तर शेजारचे दात तरी वाचतील. भावजयीनेही आपले दात घट्ट आहेत म्हणून तपासणी चुकवू नये. दोघींनी एकाच दिवशी जावे, रिक्षाचे भाडेही वाचेल.

अल्लाह आपणा सर्वांना तंदुरुस्ती देवो. आमीन.